महापालिकेचं अभियंता लायसन: नागपुरात फाईल पहिल्याच फेरीत निघावी म्हणून

लायसनची फाईल बहुतेक वेळा तीनच कारणांनी परत येते. अर्ज चुकीच्या श्रेणीत केलेला असतो, अनुभवपत्र अर्धवट असतं, नाहीतर तीन कागदांवर तीन तऱ्हेचं नाव असतं. तिन्ही गोष्टी कार्यालयात जाण्याआधी घरी बसून दुरुस्त करता येतात. तरीही आधी अर्ज टाकायचा आणि त्रुटीपत्र आलं की कागदांमागे धावायचं, हीच पद्धत सगळीकडे दिसते. साइटवर मालक थांबलेला, नकाशा तयार, आणि सही करायला लायसन नाही, ही वेळ त्यामुळेच येते.

हा लेख सिव्हिलवाल्यांसाठी आहे: बांधकाम परवानगीचे नकाशे सादर करणं, देखरेख करणं आणि पूर्णत्वाचा दाखला देणं यासाठी लागणारं लायसन. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणि सुपरवायझरचं लायसन वेगळं मंडळ देतं, त्याची प्रक्रियाही वेगळी आहे. वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे होते, त्यामुळे तेही इथे येत नाहीत.

नियम कुठे आहेत ते आधी सांगतो. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. आपण सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतो. तिच्या परिशिष्ट-सी मध्ये कुणाला कोणतं लायसन आणि त्यावर किती काम, हे लिहिलेलं आहे. ती थोडीच पानं छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. मित्राच्या सांगण्यावर श्रेणी ठरवू नका.

## टप्पा १: श्रेणी ठरवा

अभियंता: सिव्हिल किंवा स्ट्रक्चरलची पदवी, किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या अभियंत्यांच्या देशपातळीवरच्या संस्थेचं सिव्हिल शाखेचं कॉर्पोरेट सदस्यत्व. पदविकाधारकाला जमीन आणि इमारत नियोजनाच्या कामाचा १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. या लायसनवर सर्व परवानगी नकाशे सादर करता येतात. स्ट्रक्चरल आकडेमोड (इमारतीच्या सांगाड्याच्या मजबुतीचा हिशोब) मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आणि ५ मजले किंवा १६ मीटर उंचीपर्यंतच.

स्ट्रक्चरल इंजिनिअर: सिव्हिलची पदवी, त्यासोबत चार्टर्ड इंजिनिअर किंवा इन्स्टिट्यूशनचं असोसिएट सदस्यत्व, आणि स्ट्रक्चरल कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. स्ट्रक्चरलमध्ये पदव्युत्तर पदवी असेल तर २ वर्षं पुरतात, डॉक्टरेट असेल तर १ वर्ष.

सुपरवायझर-१: सिव्हिलची पदविका आणि २ वर्षांचा अनुभव. काम ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, ४ मजल्यांपर्यंत.

सुपरवायझर-२: आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समन आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या हाताखाली ५ वर्षं. काम २०० चौरस मीटर आणि २ मजल्यांपर्यंत.

पदविका आणि चार-पाच वर्षांचा अनुभव असलेली मुलं सरळ अभियंता श्रेणीत अर्ज टाकतात, हे सर्रास घडतं. फाईल नाकारली जाते आणि मधले महिने वाया जातात. अशांनी सुपरवायझर-१ घ्यावं. नागपुरातल्या साध्या लेआउटमधल्या दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरच्या घरांना ते व्यवस्थित पुरतं, कारण ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ५,३८० चौरस फूट. हातात काम सुरू ठेवा आणि १० वर्षं भरली की वरच्या श्रेणीत जा.

तपासा: पदवीवर शाखेचं नाव नेमकं 'सिव्हिल' आहे का? 'कन्स्ट्रक्शन'सारखं दुसरं काही असेल तर समकक्षतेचा प्रश्न निघणारच. कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून तसं पत्र आताच मागवा.

## टप्पा २: अर्ज कुठे करायचा

नागपुरात हा प्रश्न सोपा नाही. शहरात महापालिका आहे, तिच्या जोडीला नागपूर सुधार प्रन्यास आहे, आणि शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रासाठी एनएमआरडीए म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. शिवाय कामठीसारख्या नगरपरिषदा वेगळ्या. येत्या वर्षभरातलं तुमचं काम कुठे आहे ते आधी लिहून काढा. धरमपेठ, मानेवाडा, जरीपटका अशी शहरातली कामं असतील तर एक उत्तर येईल. हिंगणा आणि वर्धा रोडच्या पुढच्या लेआउटमधली असतील तर दुसरं येऊ शकतं.

मग त्या कार्यालयाच्या नगररचना विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा: अर्जाचा सध्याचा नमुना कोणता, आणि कागदांची यादी कोणती. यादी लेखी घ्या, नाहीतर फलकावर लावलेली असेल तिचा फोटो काढा. दुसऱ्या शहरातल्या मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नमुना भरू नका. नियमावली एकच असली तरी प्रत्येक कार्यालयाचा अर्ज आणि जोडपत्रं थोडी वेगळी असतात.

सावधान: नोकरीत असाल तर लायसन मिळालं म्हणजे खाजगी काम करायची मुभा मिळाली, असं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करता येत नाही. खाजगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्रातली अट वाचा आणि लागत असेल तर ना-हरकत पत्र आधीच घ्या.

## टप्पा ३: नाव एक करा

दहावीची सनद, पदवी किंवा पदविका, आधार, पॅन आणि अनुभवपत्र हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावरचं नाव एका कोऱ्या कागदावर अक्षर न् अक्षर उतरवून काढा. वाचून 'सारखंच आहे' म्हणू नका, उतरवाच. दहावीला आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी. डोळ्यांना न दिसणारे हे फरक उतरवताना लगेच सापडतात.

क्रम उलटा असणं किंवा आद्याक्षर असणं एवढंच असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र सहसा चालतं. स्टॅम्प पेपर लागतो का, कितीचा, हे विचारून मगच घ्या. स्पेलिंगच वेगळं असेल तर पॅन आणि आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. शाळेच्या आणि विद्यापीठाच्या कागदांना हात लावणं फार लांबतं, म्हणून त्यांनाच मूळ धरा आणि बाकीचे कागद त्यांच्याशी जुळवा.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची अडचण खरी आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि अनुभवपत्र कधी या तर कधी त्या नावाने. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर ते पानही जोडा. राजपत्रात नाव बदलायचं असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ जातो. लायसन कोणत्या नावाने हवं ते आधी ठरवा, कारण पुढे प्रत्येक नकाशावर तीच सही आणि तेच नाव जाणार आहे. माहेरच्या नावानेच व्यवसाय करायचा असेल तर तसं करायला काहीच हरकत नाही. फक्त सगळे कागद त्याच बाजूला वळवा.

## टप्पा ४: शिक्षणाचे कागद

इथे फार बोलण्यासारखं नाही. पदवी प्रमाणपत्र हवं, शेवटच्या सत्राची गुणपत्रिका म्हणजे पदवी नव्हे. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर काम भागेल असं गृहीत धरू नका. नागपूर विद्यापीठाची पदवी अजून घेतली नसेल तर तो अर्ज आजच करा. पदविका असेल तर तंत्रशिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. बाहेरच्या राज्यातली पदवी असेल तर पडताळणीसाठी ती त्या विद्यापीठाकडे पाठवली जाऊ शकते, तेवढा वेळ धरूनच चला.

सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका क्रमाने लावा. मधलं एखादं सत्र नापास होऊन पुन्हा दिलेलं असेल तर दोन्ही गुणपत्रिका ठेवा. तिथला खंड टेबलावरच्या माणसाच्या नजरेत येतोच.

## टप्पा ५: अनुभवपत्र

सगळ्यात जास्त फाईली इथे अडतात, म्हणून इथे थांबून नीट वाचा.

'अमुक यांनी आमच्याकडे ३ वर्षं समाधानकारक काम केले, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं पत्र घेऊन येणारे खूप आहेत. त्या पत्रातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? काम काय? ज्याच्या हाताखाली काम केलं तो माणूस स्वतः पात्र होता का? या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रातच मिळाली पाहिजेत.

चालणाऱ्या पत्राचा मजकूर साधारण असा:

'प्रमाणित करण्यात येते की, श्री./श्रीमती (पदवीवरचं पूर्ण नाव) हे/ह्या आमच्या कार्यालयात दि. ०१/०७/२०२१ ते ३०/०६/२०२४ या कालावधीत पूर्णवेळ कार्यरत होते/होत्या. या काळात त्यांनी निवासी इमारतींचे परवानगी नकाशे तयार करणे, स्ट्रक्चरल आकडेमोड व रेखांकने आणि प्रत्यक्ष साइटवरील देखरेख ही कामे माझ्या मार्गदर्शनाखाली केली. प्रमुख कामांची यादी सोबत जोडली आहे.'

खाली सही, नाव, पद, लायसन किंवा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख. लेटरहेडवर पत्ता आणि फोन असलाच पाहिजे, कारण खात्री करायला फोन जाऊ शकतो.

आता यातल्या नेहमीच्या चुका.

पहिली, अनुभव निकालाच्या आधीपासून मोजणं. जून २०२२ मध्ये पदविका झाली आणि अनुभवपत्रात जानेवारी २०२२ पासूनची तारीख, असं झालं की आधीचे महिने वगळले जातात आणि २ वर्षं भरत नाहीत. इंटर्नशिप वेगळी दाखवा, अनुभवात मिसळू नका.

दुसरी, स्ट्रक्चरलच्या अर्जात फक्त डिझाइनचा अनुभव. नियमात डिझाइन आणि फील्ड वर्क असे दोन्ही शब्द आहेत. तीन वर्षं संगणकासमोर सॉफ्टवेअरवर काम केलेल्या हुशार मुलांची पत्रं इथेच कमी पडतात. साइटवर जाऊन सळई तपासली असेल, स्लॅबच्या कास्टिंगला उभं राहिला असाल, तर ते पत्रात लिहून घ्या. ते काम झालंच नसेल तर पत्रात घालू नका. काही महिने साइटवर जा आणि मग अर्ज करा. या लायसनवर लोकांची घरं उभी राहतात, त्यात खोटं पत्र चालवून घेता कामा नये.

तिसरी, दोन ठिकाणच्या तारखा एकमेकांवर चढणं. जुनी कंपनी ३१ मार्चला सोडली आणि नवीन कंपनीच्या पत्रात १५ मार्च, एवढ्यानेही शंका येते. सगळ्या पत्रांच्या तारखा एका तक्त्यात मांडा.

चौथी, सही करणाऱ्याचं लायसन त्या काळात चालू नसणं. ज्या सरांच्या हाताखाली काम केलं त्यांच्या लायसनची किंवा कौन्सिल नोंदणीची झेरॉक्स मागून घ्या आणि तिच्यावरची मुदत तुमच्या तारखांशी पडताळून पाहा. मागायला संकोच वाटतो, पण जाणते सर स्वतःहूनच देतात.

फ्रीलान्स काम केलेल्यांकडे नेमणूकपत्र नसतं. त्यांनी ज्यांच्या सहीने नकाशे मंजूर झाले त्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून पत्र घ्यावं आणि कामांच्या यादीत मंजुरी क्रमांक व तारीख टाकावी. मंजुरी क्रमांक असलेली पाच कामं नुसत्या नावांच्या पन्नास कामांपेक्षा जास्त पटतात. नोकरी केलेल्यांनी पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ किंवा भविष्य निर्वाह निधीचं पासबुक जवळ ठेवावं. यादीत नसेल तर जोडायचं नाही, पण शंका निघाली तर त्याच दिवशी देता येतं.

तपासा: पत्र हातात पडताच, सही करणारे समोर असतानाच वाचा. आठवड्याने चूक सापडली की सर साइटवर असतात, शिक्का ऑफिसात असतो, आणि पुन्हा फेरी पडते.

## टप्पा ६: फक्त स्ट्रक्चरलवाल्यांसाठी, सदस्यत्व आधी

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं सदस्यत्व शेवटी घेऊ म्हणणारे सगळ्यात जास्त थांबतात. संस्थेचं मुख्यालय कोलकात्याला आहे. अर्ज तपासला जाऊन सदस्यत्व क्रमांक येईपर्यंत लायसनच्या अर्जात तो रकाना रिकामाच राहतो. म्हणून स्ट्रक्चरलचा विचार पक्का झाला की पहिलं काम हेच. उत्तर अंबाझरी मार्गावर संस्थेचं नागपूर केंद्र आहे, तिथे जाऊन कागद दाखवून घ्या. शाखा सिव्हिल लिहिली आहे ना, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

## टप्पा ७: वेळ निवडा

हा भाग कुणी विचारतच नाही. लायसनची मुदत तीन कॅलेंडर वर्षांची असते आणि ती ३१ डिसेंबरला संपते. नोव्हेंबरमध्ये लायसन हाती आलं तर ते वर्ष दोन महिन्यांतच सरतं. हातात काम अडलेलं नसेल तर दिवाळीपर्यंत सगळे कागद तयार करा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. काम अडलेलं असेल तर थांबू नका, वर्षाच्या हिशोबापेक्षा मालकाचं घर महत्त्वाचं.

डिसेंबरमध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सगळी यंत्रणा त्यात गुंतते. मार्चअखेरीसही टेबलं भरलेली असतात. याच दिवसांत फाईल टाकली आणि ती हलली नाही तर त्यात नवल नाही.

## टप्पा ८: अर्ज भरणं आणि दाखल करणं

अर्जातलं नाव पदवीवरून उतरवा, मनाने लिहू नका. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचे द्या. झेरॉक्सवाल्याचा किंवा एजंटचा ईमेल टाकला की त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि तुम्ही इकडे वाट बघत बसता. पुढे ऑनलाइन नकाशे सादर करायचं लॉगिनही याच तपशिलावर अवलंबून असतं.

स्कॅन करताना मूळ कागदाचंच करा, झेरॉक्सचं नको. शिक्का आणि सही वाचता आली पाहिजे. मोबाइलने तिरपा काढलेला फोटो देऊ नका. प्रत्येक फाईलला 'पदवी', 'अनुभव एक' असं ओळखता येणारं नाव द्या. कागदांच्या प्रतींवर स्वसाक्षांकन करताना अर्जावर केलेलीच सही करा. घाईत एकीकडे पूर्ण सही आणि दुसरीकडे आद्याक्षरं, हे फार होतं.

कागद यादीच्या क्रमानेच लावा, पानांना क्रमांक द्या आणि वर एक अनुक्रमणिका ठेवा. तपासणाऱ्याला शोधावं लागलं नाही की तो लवकर पुढे जातो. शुल्क भरलं की चालानची पावती त्याच दिवशी झेरॉक्स करून अर्जाला लावा आणि मूळ पावती घरी ठेवा.

दाखल केल्यावर आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'नंतर या, नंबर पडेल' म्हटलं तरी थांबा. पुढे काहीही विचारायचं झालं तर तोच क्रमांक लागतो.

सावधान: 'मी आतून करून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर नम्रपणे नाही म्हणा. कागद पूर्ण असतील तर त्याची गरज नाही, आणि कागद अपुरे असतील तर तोही ते पूर्ण करू शकत नाही.

## टप्पा ९: त्रुटी आली तर

एकदा त्रुटी निघणं काही विशेष नाही. तिला उत्तर कसं देता यावर पुढचं ठरतं. त्रुटी लेखी मागा. तोंडी सांगितलेली एक दुरुस्त करून नेली की दुसरी निघते, म्हणून 'सगळ्या एकदाच लिहून द्या' अशी विनंती करा. उत्तराचं पत्र लिहा, त्यात आवक क्रमांक टाका, प्रत्येक मुद्द्याखाली काय जोडलं ते लिहा आणि पुन्हा पोच घ्या. नुसता कागद टेबलावर ठेवून आलात तर तो तुमच्या फाईलला लागेलच असं नाही.

बराच काळ काहीच हालचाल नसेल तर कार्यालयातल्या लोकसेवांच्या फलकावर या सेवेची मुदत लिहिली आहे का ते बघा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. आधी एक साधं विनंतीपत्र द्या, बहुतेकदा तेवढ्यावरच फाईल वर येते.

## टप्पा १०: लायसन हातात आल्यावर

आधी प्रमाणपत्र वाचा. नाव, श्रेणी, क्रमांक, मुदत. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या, एकदा नकाशे सादर झाले की ते किचकट होतं. रबरी शिक्का बनवताना श्रेणी पूर्ण लिहा. सुपरवायझरने 'अभियंता' लिहिणं हा साधा दोष नव्हे.

ऑनलाइन कामासाठी डिजिटल सही घ्यायची असेल तर ती ओळखीच्या कागदावरच्या नावाने निघते, म्हणून टप्पा ३ चं काम इथेही उपयोगी पडतं. आता क्लास ३ चीच सही मिळते. तिचीही मुदत असते, ती लायसनच्या मुदतीशेजारी लिहून ठेवा.

काम घेताना परिशिष्ट-बी मधला देखरेखीचा नमुना वाचल्याशिवाय सही करू नका. ती सही म्हणजे काम मंजूर नकाशाप्रमाणे होईल याची तुमची जबाबदारी. मालकाने मध्येच दुसरा इंजिनिअर नेमला किंवा तुम्हीच काम सोडलं, तर त्याच दिवशी प्राधिकरणाला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. हे न कळवल्याने, जे बांधकाम तुम्ही पाहिलंही नाही त्याचा खुलासा तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो.

नूतनीकरणासाठी ऑक्टोबरमध्येच तयारी करा. लायसनची प्रत, आधीच्या शुल्काची पावती आणि तीन वर्षांतल्या कामांची यादी एका पाकिटात ठेवलेली असेल तर डिसेंबरच्या गर्दीआधीच ते काम उरकतं.